सर अल्बर्ट हॉवर्ड : इंदूरच्या खड्ड्यात शिजलेले खत

कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. त्या उपटायच्या, बांधावर ढीग लावायचा आणि काडी ओढायची, हे दृश्य विदर्भ-मराठवाड्याला नवीन नाही. उसाचे पाचट, गव्हाचे काड, तुरीच्या तुऱ्हाट्या यांचीही बऱ्याच ठिकाणी हीच गत होते. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जातात. जमिनीने वर्षभर जे दिले, त्यातले धान्य बाजारात जाते आणि उरलेले धुरात जाते. जमिनीच्या वाट्याला परत काय येते, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी इंदूरमध्ये एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने चिकाटीने विचारला. त्याने शोधलेले उत्तर पुढे ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेले. त्यांचे नाव अल्बर्ट हॉवर्ड.

शेतकऱ्याचा मुलगा प्रयोगशाळेत

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातल्या बिशप्स कॅसल या गावी झाला. घर शेतकऱ्याचे. लंडनमधील रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि नंतर केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज येथे त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजला गेले. बार्बाडोस बेटावर त्यांचे काम होते उसावरच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास.

सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी ओळखण्यात ते तरबेज झाले. पण एक गोष्ट त्यांना बोचत राहिली. रोगावरचे उपाय ते दुसऱ्यांना सुचवत, पण ते उपाय स्वतः करून पाहायला त्यांच्या हाती वितभर जमीन नव्हती. पानावरचा डाग कोणता हे सांगणारा माणूस निराळा, मातीचे पृथक्करण करणारा निराळा आणि पीक काढणारा तर तिसराच. या वाटणीत मूळ प्रश्नच कुठेतरी हरवतो, असे त्यांचे मत तिथे बनू लागले.

इंग्लंडला परतल्यावर १९०३ ते १९०५ या काळात ते वाय येथील कृषी महाविद्यालयात होते. बिअरसाठी लागणाऱ्या हॉप या वेलीवर तिथे त्यांनी काम केले. मादी वेलींच्या फुलांनाच बाजारात किंमत असल्याने बागाईतदार नर वेली उपटून टाकत. नर वेली ठेवून परागीभवन होऊ दिले, तर फुले लवकर भरतात आणि वेली रोग-किडीला सहज दाद देत नाहीत, असे हॉवर्ड यांनी दाखवले. निसर्गाची घडी विस्कटण्याआधी ती तशी का घातली आहे ते पाहावे, हा धडा त्यांनी या साध्या प्रयोगातून घेतला.

पूसा : शेतकरी हेच गुरू

१९०५ मध्ये भारत सरकारचे ‘इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट’ म्हणून हॉवर्ड बिहारमधील पूसा येथे आले. तिथे नवी कृषी संशोधन संस्था उभी राहत होती. १९३४ च्या भूकंपात ती उद्ध्वस्त झाल्यावर दिल्लीला हलली. दिल्लीतल्या कृषी संशोधन संस्थेच्या परिसराला आजही ‘पूसा’ म्हणतात, ते यामुळे.

त्याच वर्षी हॉवर्ड यांचा विवाह गॅब्रिएल मॅथेई यांच्याशी झाला. त्या स्वतः केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजमध्ये शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. तापमान बदलले की पाने हवेतला कार्बन डायऑक्साइड किती वेगाने शोषतात, यावर त्यांनी फ्रेडरिक ब्लॅकमन यांच्याबरोबर केलेले काम प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासात महत्त्वाचे मानले जाते. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. भारतात आल्यावर सुरुवातीला त्यांना पदही नव्हते. तरी त्या पतीच्या बरोबरीने शेतात आणि प्रयोगशाळेत राबल्या. पुढे सरकारने त्यांना ‘द्वितीय इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट’ नेमले. ‘हॉवर्ड यांचे काम’ असे जे म्हटले जाते, त्यातले पंचवीस वर्षांचे काम या दोघांचे आहे.

पूसाला हॉवर्ड यांना हवे ते मिळाले. सुमारे ७५ एकर जमीन त्यांच्या हाती आली. गव्हाच्या देशी वाणांची छाननी करून या दांपत्याने ‘पूसा ४’, ‘पूसा १२’ असे वाण तयार केले आणि ते उत्तर भारतात मोठ्या क्षेत्रावर पेरले गेले. मात्र वाण कितीही चांगला असला तरी जमीन साथ देत नसेल तर त्याचा गुण दिसत नाही, हेही त्यांच्या लक्षात आले.

आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे फवारणीची औषधे नव्हती, विकतची खते नव्हती. तरी त्यांची पिके पुष्कळशी निरोगी दिसत. हॉवर्ड यांनी मग या शेतकऱ्यांना आणि पिकांवरच्या किडींना आपले गुरू मानायचे ठरवले. धान्याबरोबर कडधान्य पेरण्याची रीत त्यांनी पाहिली. तुरीची मुळे खोल जातात, खालचा घट्ट थर मोकळा करतात आणि पुढच्या पिकाला वाट करून देतात, हे त्यांनी मुळे उकरून तपासले. पीक पिवळे पडले की बहुतेक तज्ज्ञ पान बघत. हॉवर्ड कुदळ घेऊन मूळ बघत.

या मुळांनीच त्यांना मातीतल्या हवेकडे नेले. आपला शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, त्याचे शास्त्र ते शोधत होते. मुळांना पाणी लागते तसा प्राणवायूही लागतो. पाणी साचून मातीतली हवा कोंडली की आधी मुळे गुदमरतात, मग पीक अशक्त होते आणि रोग त्यानंतर दिसू लागतो. पूसाच्या उन्हाळ्यात ते क्वेट्टा येथील फळबाग केंद्रावर जात. तिथल्या कोरड्या हवेत गव्हाला पाण्याच्या पाळ्या वाढवत नेण्यापेक्षा योग्य वेळी मोजके पाणी पुरते, हे त्यांनी करून दाखवले.

मातीची भूक

माती मोकळी आणि ओलावा धरणारी ठेवायची तर तिच्यात सेंद्रिय पदार्थ हवा, हे उघड होते. त्यासाठी त्यांनी तागाचे हिरवळीचे खत करून पाहिले. अनुभव संमिश्र आला. गाडलेला ताग नीट कुजायला ओल, हवा आणि वेळ तिन्ही लागतात. त्यात एकाची कमतरता पडली की पुढच्या पिकाला फायदा होण्याऐवजी तोटा होतो.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वाळलेल्या काड्यांत कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी असते. काड्या कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशींना स्वतःचे शरीर वाढवण्यासाठी नत्र लागते. काड्यांत ते मिळाले नाही तर ते मातीतले नत्र उचलतात. म्हणजे पिकाच्या ताटातला घास तेवढ्या काळापुरता दुसराच खातो आणि पीक पिवळे पडते. यावर हॉवर्ड यांना तोडगा सुचला तो असा : कुजण्याचे काम शेतात, पिकाच्या मुळाशी होऊच द्यायचे नाही. ते शेताबाहेर, खड्ड्यात, आपल्या नजरेखाली पुरे करायचे आणि जमिनीला तयार अन्न द्यायचे.

इंदूर : खड्डा, थर आणि विरजण

पूसाला खाती वाढली तशा भिंतीही वाढल्या. बी, माती, कीड, रोग अशी वाटणी न करता संपूर्ण पिकाचा एकत्र अभ्यास करणारी संस्था हॉवर्ड दांपत्याला हवी होती. १९२४ मध्ये ती इंदूरला उभी राहिली. ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ हे तिचे नाव. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी पैसा पुरवला. हॉवर्ड संचालक झाले.

माळव्याची काळी जमीन ही आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीची सख्खी बहीण. पावसाळ्यात चिकट, उन्हाळ्यात भेगाळलेली. तिथे मुख्य पीक कापूस, म्हणजे पऱ्हाट्यांचा प्रश्नही तोच. या जमिनीवर १९२४ ते १९३१ या सात वर्षांत जी पद्धत आकाराला आली, तिच्यात हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड या सहकाऱ्याचा मोठा वाटा होता. या कामावरचे १९३१ चे पुस्तक हॉवर्ड आणि वाड अशा दोघांच्या नावावर आहे.

पद्धतीत गूढ असे काही नव्हते. चीनमधले शेतकरी शतकानुशतके काडीकचरा कुजवून जमिनीला परत देत आले होते. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ फ्रँकलिन किंग यांनी १९११ मध्ये त्यावर लिहिलेले पुस्तक हॉवर्ड यांनी अभ्यासले होते. आपल्याकडे उकिरडा होताच. फरक असा की उकिरड्यावर जे जसे पडेल तसे पडते. इंदूरमध्ये प्रत्येक गोष्टीचे प्रमाण, क्रम आणि दिवस ठरवले गेले.

शेतातला सगळा काडीकचरा आधी गोळा करून मिसळला जाई. टणक पऱ्हाट्या शेतरस्त्यावर पसरत. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जात. मग हा कचरा गोठ्यात जनावरांखाली अंथरत, म्हणजे तो मूत्र शोषून घेई. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवत आणि मूत्राने भिजलेली ती माती खरवडून वापरत. शेण गोवऱ्यांसाठी गेले तरी मूत्रातले नत्र अशा रीतीने हाती राही.

खड्डा सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ ते ३ फूट खोल. त्याहून खोल नाही, कारण तळाशी हवा पोचत नाही. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर मूत्राची माती आणि लाकडाची राख, त्यावर पाण्यात कालवलेले शेण, मग पाण्याचा शिडकावा, असे थरावर थर. राखेमुळे आंबटपणा आटोक्यात राही. आधीच्या खड्ड्यातले, पांढरी बुरशी धरलेले थोडे खत नव्या खड्ड्यात मिसळत. दुधाला विरजण लावावे तसे.

काही दिवसांत ढीग तापून त्यातले तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाई. आधी बुरशी काम करी, नंतर जिवाणू. सुमारे पंधरवड्याने पहिली पालट, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. प्रत्येक पालटीत हवा आत जाई आणि कोरडे पडलेले भिजवले जाई. तीन महिन्यांनी काळपट, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार होई. सुरुवातीला कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३३ ला १ असे राखत. कुजून तयार झालेल्या खतात ते १० ला १ च्या आसपास येई. असे खत पिकाच्या तोंडचे नत्र ओढून घेत नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून त्या दिवसांत हेच काम जमिनीवर ढीग लावून करत.

या खतासाठी परदेशी यंत्र नको होते, विकतचे रसायन नको होते. बैलजोडी, गोठा आणि हातातली फावडी एवढ्यावर ते होई. महात्मा गांधींनी १९३५ मध्ये ‘हरिजन’मधून या खताकडे वाचकांचे लक्ष वेधले.

मोठा घाव आणि नवे आयुष्य

यश दिसू लागले तोच १९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. वय अवघे ५३-५४. पुढच्या वर्षी हॉवर्ड यांनी भारत सोडला. गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईस यांच्याशी त्यांनी विवाह केला. हॉवर्ड यांच्या भारतातील कामाची सविस्तर हकीकत पुढे १९५३ मध्ये लुईस यांनीच पुस्तकरूपाने लिहिली.

१९३४ मध्ये हॉवर्ड यांना ‘सर’ हा किताब मिळाला. निवृत्तीचे दिवस मात्र त्यांनी आरामात घालवले नाहीत. केनियातील कॉफीचे मळे, भारत आणि सिलोनमधील चहाचे मळे इंदूर पद्धतीने खत करू लागले होते आणि तिथून येणाऱ्या पत्रांनी त्यांचे टेबल भरत होते. विद्यापीठांतले शास्त्रज्ञ मात्र साशंक होते. १९३५ मध्ये केंब्रिजच्या कृषी विद्यार्थ्यांपुढे त्यांनी व्याख्यान दिले, तेव्हा बहुतेक श्रोत्यांनी विरोधच केला.

१९४० मध्ये त्यांचे ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हे पुस्तक आले. ते त्यांनी गॅब्रिएल यांना अर्पण केले. जंगलाला कोणी खत घालत नाही, तरी ते हजारो वर्षे हिरवे राहते, कारण तिथे पडलेले प्रत्येक पान मातीत परतते. शेतीनेही हाच नियम पाळावा, हा या पुस्तकाचा गाभा. नत्र, स्फुरद, पालाश एवढ्या तीन आकड्यांत जमीन मोजण्याच्या वृत्तीवर त्यांनी कडाडून टीका केली. हे पुस्तक वाचून अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीवरचे मासिक सुरू केले आणि घरोघरच्या परसबागांत खताचे ढीग दिसू लागले. २० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड यांचे निधन झाले.

काय टिकले, काय टिकले नाही

हॉवर्ड यांचा दावा मातीपुरता थांबत नव्हता. निरोगी माती, निरोगी पीक, निरोगी जनावर आणि निरोगी माणूस ही एकच साखळी आहे, असे ते मानत. कुन्नूर येथे आहार आणि आरोग्यावर संशोधन करणारे डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या कामाचा त्यांना आधार वाटे. १९३९ मध्ये इंग्लंडमधील चेशायरच्या डॉक्टरांनी आहार आणि आरोग्य यावर जाहीर निवेदन काढले, तेव्हा त्या सभेत हे दोघेही बोलले होते.

इथे सावधपणे पाहावे लागते. आपले बैल शेजारच्या लाळ्या-खुरकत झालेल्या जनावरांच्या तोंडाला तोंड लावत, तरी त्यांना रोग झाला नाही आणि हे चांगल्या चाऱ्यामुळे घडले, असे हॉवर्ड यांनी लिहिले आहे. हे निरीक्षण होते. तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेला प्रयोग नव्हता. लाळ्या-खुरकत विषाणूमुळे होतो आणि त्यावर लसीकरणच करावे लागते. कंपोस्ट घातलेल्या शेतातली भाजी खाल्ल्याने माणसाचे आजार टळतात, हेही त्यांनी सिद्ध केले नव्हते. रासायनिक खते अजिबात नकोत, हे त्यांचे मतही आजचे बहुतेक कृषिशास्त्रज्ञ जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. युरियात ४६ टक्के नत्र असते, तर कंपोस्टमध्ये साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी. जास्त उत्पादन देणाऱ्या पिकाची गरज केवळ खड्ड्यातल्या खताने भागवायची तर ते गाड्यांनी लागेल. सेंद्रिय खत आणि माती परीक्षणानुसार मोजके रासायनिक खत यांची सांगड घालावी, अशी शिफारस आज केली जाते.

पण मातीबद्दल ते जे म्हणत होते, ते टिकले. माती जिवंत आहे, मुळांशी सहजीवन करणारी बुरशी पिकाला अन्न मिळवून देते, सेंद्रिय पदार्थामुळे मातीचे कण एकत्र बांधले जातात, पाणी मुरते आणि टिकते, हे आज पाठ्यपुस्तकात आहे. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय कर्ब लवकर जळून जातो, म्हणून एकदा खत घालून भागत नाही. दर वर्षी भर घालावी लागते. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांपेक्षा कमी दिसला तर तो कमी समजतात. युरियाच्या गोणीने पीक हिरवे होते, पण हा आकडा वर सरकवण्यासाठी जमिनीला काडीकचरा आणि शेणच परत द्यावे लागते.

घरच्या बागेलाही इंदूरचाच नियम लागू पडतो. वाळलेला पाला आणि काड्या जास्त, स्वयंपाकघरातला ओला कचरा किंवा शेण त्याहून कमी, अधूनमधून मूठभर माती आणि जुने खत विरजण म्हणून. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये, एवढीच ओल. पंधरा दिवसांनी पालट. कुबट वास आला तर हवा कमी पडते आहे, म्हणून ढीग हलवून त्यात वाळलेला पाला मिसळायचा. ढीग तापलाच नाही तर एकतर तो कोरडा आहे किंवा त्यात शेण-ओला कचरा कमी आहे. काडीकचरा ओळखू न येण्याइतका कुजल्याशिवाय कुंडीत घालायचा नाही. अर्धवट कुजलेले खत रोपाच्या तोंडचेच नत्र पळवते.

हॉवर्ड यांनी ज्या काळ्या जमिनीवर हे सारे शोधले, तशाच जमिनीवर दर वर्षी कापूस निघतो आणि पऱ्हाट्या उरतात. आता बैलगाडीच्या चाकांऐवजी ट्रॅक्टरला जोडलेले श्रेडर यंत्र त्यांचा भुगा करू शकते. त्यानंतर लागते ते शेण, ओल, हवा आणि तीन महिन्यांची सवड.